अवयव

तार्तूत जानेवारीत चारलाच अंधारतं.
हेल्वे इस्पितळाच्या तळघरात आहे,
कोट अंगावर तसाच;
खोली यंत्रांसाठी थंड ठेवलीय,
माणसांसाठी काहीच ठेवलेलं नाही,
एक मोडकी खुर्ची सोडून.

ती कुलपं मोजते आहे,
गेले सात महिने.
कुठं कुठं बसवली होती, बसवणाऱ्यांनाही आठवत नाही.
रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये एक,
पॅथॉलॉजिस्टच्या सहीत एक,
लिफ्टमध्येसुद्धा, का ते देव जाणे.
बहुतेकांचं मर्म एकच:
दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार.
गुणायला निमिषभर,
अवयव पाडायला पृथ्वीचं वय अपुरं.
या भरवशावर आपण निजत होतो.

वर तिसऱ्या मजल्यावर
रोज कुणाचे ना कुणाचे अवयव
काढतात, शिवतात, बरणीत घालून धाडतात.
संख्येला मात्र कुणी चिरू शकणार नाही
असं शिकवलं होतं तिला.
आता यंत्र येतंय म्हणतात, क्वांटम,
ज्याला असली संख्या म्हणजे
सोलायची शेंग.

उर्मास, ज्याच्या हातात पैसा आहे, विचारतो,
"कधी येणार?"
"माहीत नाही. दहा वर्षं. वीस. कदाचित नाहीच."
"मग यंदाच घाई कसली?"
"आज सकाळी जन्मलेल्या बाळाची नोंद
किती दिवस झाकून ठेवायची?"
तो खिडकीकडे बघतो.
नदीवर बर्फ आहे, बर्फावर एक माणूस
भोक पाडून मासा लागायची वाट बघतोय.
"ते म्हातारं होऊन जाईपर्यंत,"
उर्मास म्हणतो, आणि निम्म्या रकमेवर सही करतो.
निम्म्याच.

बैल गेला नि झोपा केला, ही म्हण
इथं नीट बसत नाही.
बैल गेलाय, कधीचाच,
चोराला फक्त दाव्याची गाठ सुटत नाहीये.
तारेतून जे जे गेलं त्याची नक्कल कुणीतरी घेऊन ठेवलीय,
बंद, न वाचलेली,
आणि तो घाईत नाही.

नवं कुलूप जाळीचं आहे.
शेकडो मितींची जाळी, आणि तिच्यात
मुद्दाम कालवलेल्या बारीक बारीक चुका.
त्या चुकांमुळेच म्हणे वाट सापडत नाही.
हेल्वेला हे आवडलं.
पहिल्यांदाच कुणी तिला म्हणालं होतं
की चुकांवर काही उभं राहू शकतं.

एकोणीस वर्षांपूर्वी
तिनं बहिणीला एक पत्र पाठवलं होतं, ओस्लोला,
याच इस्पितळाच्या संगणकावरून, जुन्या कुलपात.
मार्टिनचा बाप कोण, ते त्यात आहे.
बहीण गेली. मार्टिन आता तिच्याहून उंच आहे,
रविवारी येतो, सूप पितो, भांडी घासतो.
त्या पत्राला नवं कुलूप लावता येत नाही.
ते तिच्या हातात नाहीच.
तिच्या हातात आहे फक्त ते आधी सांगून टाकणं,
आणि ते कुठल्याच यादीत नाही.

रात्री दोनला बदल सुरू होतो.
फ्रीज, सही, लिफ्ट, एकेक करून
नव्या भाषेत हाक देतात, ओ देतात.
सात नंबरच्या खोलीतला सलाइनचा पंप तेवढा अडतो.
अकरा वर्षं जुना; नवी किल्ली त्याच्या घशापेक्षा मोठी.
दोनदा प्रयत्न, तिसऱ्यांदा लाल दिवा.
खोलीत एक म्हातारी झोपलीय, तोंड उघडं.
हेल्वे जुनीच किल्ली परत लावते,
पंप थेंब मोजायला लागतो,
आणि ती त्याच्या नावापुढं पेन्सिलीनं लिहिते: बाकी.

बाहेर अजून अंधार.
खिशात फोन. आज शनिवार.